कर्तन वेग व भरण वेग, सीएनसी राउटरमधील

लाकूड, प्लायवुड, मध्यम घनतेचा तंतुफलक (एमडीएफ), ॲक्रिलिक, ॲल्युमिनियम इ. पदार्थांच्या तक्त्यांवर खाचा पाडणे, आकार कापून काढणे व कोरीवकाम करणे यांसाठी सीएनसी राउटर हे संगणक-नियंत्रित यंत्र वापरतात. या यंत्राच्या स्पिंडलमध्ये बसविलेला कर्तक वेगाने फिरतो व त्याच वेळी ठरवून दिलेल्या मार्गाने सरकतो. फिरणाऱ्या कर्तकाच्या धारेचा परिघावरील वेग म्हणजे कर्तन वेग होय. तो मीटर प्रतिमिनिट या एककात मांडतात. कर्तक पदार्थातून ज्या वेगाने पुढे सरकतो, त्याला भरण वेग म्हणतात. कारखान्यात त्याला ‘फीड’ हाच शब्द रूढ आहे. तो मिमी. प्रतिमिनिट या एककात देतात.

यंत्राला हे दोन्ही वेग निरनिराळे सांगावे लागत असले, तरी त्यांची निवड मात्र निरनिराळी करता येत नाही. कर्तकाचा प्रत्येक दात पदार्थातून जी ढलपी काढतो, तिची जाडी या दोहोंच्या प्रमाणावरून ठरते आणि कापलेल्या कडेचा गुळगुळीतपणा, कर्तकाचे आयुर्मान, निर्माण होणारी उष्णता व यंत्रावरील भार या सर्व गोष्टी मुख्यत्वे या जाडीवर अवलंबून असतात. नवशिका यंत्रचालक सावधगिरी म्हणून फेरे जास्त व भरण कमी ठेवतो. लाकूड व प्लॅस्टिक यांच्या बाबतीत ही सावधगिरी पुष्कळदा उलट फळ देते : कड करपते, कर्तक लवकर बोथट होतो आणि प्रसंगी आग लागते.

इतिहास : धातुकर्तनाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन अभियंते फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी १८८० मध्ये फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात सुरू केला. सु. २६ वर्षे चाललेल्या या प्रयोगांत आठ लाख पौंडांहून (सु. ३६० टनांहून) अधिक लोखंड व पोलाद कापले गेले. त्यांचे निष्कर्ष टेलर यांनी डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. या अभ्यासातून त्यांनी दिलेला नियम असा : कर्तन वेग आणि कर्तकाच्या आयुर्मानाचा एक विशिष्ट घात यांचा गुणाकार स्थिर असतो. हा घातांक उच्चवेगी पोलादासाठी सु. ०.१२५ व टंगस्टन कार्बाइडासाठी सु. ०.२५ धरतात. त्यावरून असे निघते की, कर्तन वेग २० टक्क्यांनी वाढविला, तर कार्बाइडाच्या कर्तकाचे आयुर्मान निम्म्याहून थोडे खाली येते, तर उच्चवेगी पोलादाच्या कर्तकाचे एक चतुर्थांशाहूनही कमी होते. हा नियम धातूंसाठी मांडलेला असल्याने लाकडाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि वेगवाढीची किंमत आयुर्मानाने चुकवावी लागते, हे तत्त्व तेथेही खरे ठरते.

उच्चवेगी पोलाद टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी विकसित केले व १९०० च्या पॅरिस येथील प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये जर्मनीत टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट यांच्या चूर्णांपासून बनविलेल्या कठीण पदार्थाचे एकस्व मागितले. राउटरचे आजचे बहुतेक कर्तक याच वर्गातील पदार्थाचे असतात. अंकीय नियंत्रणाची कल्पना जॉन पार्सन्स यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून पुढे आणली आणि अशा नियंत्रणाने चालणारे कर्तन यंत्र मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ मध्ये चालवून दाखविण्यात आले. पुढे नियंत्रणाचे काम संगणकाकडे गेले, यंत्रे स्वस्त झाली व फर्निचर, दारांवरील कोरीवकाम, देव्हारे, नामफलक यांसारख्या कामांसाठी ती लहान कारखान्यांतही आली. हाताने रंधा मारणाऱ्या सुताराला ढलपीची जाडी हातालाच कळते. यंत्रावर ती गणिताने ठरवावी लागते.

मूलभूत सूत्रे : कर्तन वेग क (मी. प्रतिमिनिट), कर्तकाचा व्यास व (मिमी.), दर मिनिटाचे फेरे फ, भरण वेग भ (मिमी. प्रतिमिनिट), कर्तकाच्या दातांची संख्या द आणि दर दाताचे भरण ढ (मिमी.) मानल्यास

क = ३.१४१६ × व × फ ÷ १,०००

भ = फ × द × ढ

ही दोन सूत्रे मिळतात. दुसरे सूत्र उलटे मांडले, तर ढ = भ ÷ (फ × द) असे होते. एक दात पदार्थाला लागल्यापासून पुढचा दात लागेपर्यंत कर्तक जेवढा पुढे सरकतो, ते अंतर म्हणजे दर दाताचे भरण. कर्तकाच्या पूर्ण व्यासाइतकी रुंद खाच पाडताना ढलपीची महत्तम जाडी या अंतराइतकी असते.

मात्र कडेवरून पातळ थर काढताना तसे नसते. कापण्याची रुंदी व्यासाच्या निम्म्याहून कमी झाली की, ढलपीही पातळ होऊ लागते. रुंदी व्यासाच्या एक दशांश असेल, तर ढलपीची महत्तम जाडी दर दाताच्या भरणाच्या सु. ६० टक्केच राहते. म्हणून अखेरचा हात फिरविताना भरण कमी न करता उलट वाढवावे लागते, अन्यथा धार केवळ घासत राहते.

ढलपी व उष्णता : कर्तकाची धार डोळ्यांना तीक्ष्ण दिसली, तरी सूक्ष्मदर्शकाखाली तिचे टोक गोलसर असते. ढलपीची जाडी या गोलाईच्या त्रिज्येहून पुरेशी जास्त असेल, तरच धार पदार्थात शिरते. जाडी त्याहून कमी असल्यास धार पदार्थाला कापण्याऐवजी दाबते व त्यावरून घासत जाते. कापण्यासाठी खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णतेत रूपांतरित होतो व ही उष्णता ढलपी, कर्तक आणि कार्यवस्तू यांच्यात वाटली जाते. जाड ढलपी आपल्याबरोबर उष्णता घेऊन बाहेर पडते. भुकटीसारखी बारीक ढलपी ती वाहून नेऊ शकत नाही आणि घर्षणाची उष्णता धारेत साचते.

लाकडाची उष्णता-संवाहकता ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंच्या तुलनेने सु. एक हजारपट कमी आहे. त्यामुळे लाकूड कापताना उष्णता लाकडात पसरत नाही, कर्तकच तापतो. तापलेली धार लवकर झिजते, झिजलेली धार अधिक घासते आणि घासण्याने उष्णता आणखी वाढते, असे चक्र सुरू होते.

दर दाताचे भरण कमी झाले की, तेवढ्याच लांबीच्या कामासाठी दातांना जास्त वेळा पदार्थाला भिडावे लागते. दोन दातांचा कर्तक दर मिनिटास २४,००० फेरे व १,२०० मिमी. भरण या वेगांनी चालविल्यास दर दाताचे भरण ०.०२५ मिमी. होते व एक मीटर लांबीच्या खाचेसाठी दात पदार्थाला ४०,००० वेळा भिडतात. तोच कर्तक १६,००० फेरे व ४,८०० मिमी. भरणाने चालविल्यास दर दाताचे भरण ०.१५ मिमी. होते, भिडण्याची संख्या सु. ६,६६७ वर येते आणि वेळही ५० सेकंदांऐवजी १२.५ सेकंद लागतो. वेगवान वाटणाऱ्या दुसऱ्या निवडीतच धारेची झीज कमी होते.

जाडीला वरची मर्यादाही असते. ढलपी प्रमाणाबाहेर जाड झाली, तर कर्तकावरील प्रेरणा वाढते, तो वाकतो, कडेवर लाटा उमटतात, तंतू उचकटतात, खाचेत ढलप्या कोंबल्या जातात व शेवटी कर्तक मोडतो. योग्य निवड या दोन मर्यादांमध्ये असते.

पदार्थानुसार निवड : ६ मिमी. व्यासाच्या कार्बाइडी कर्तकासाठी दर दाताच्या भरणाची आरंभीची मूल्ये साधारणपणे पुढीलप्रमाणे घेतात. हलक्या यंत्रावर खालच्या मूल्यापासून सुरुवात करणे इष्ट असते.

नरम लाकूड : ०.१५ ते ०.३० मिमी.
कठीण लाकूड : ०.१० ते ०.२५ मिमी.
एमडीएफ : ०.१५ ते ०.३५ मिमी.
ॲक्रिलिक : ०.१० ते ०.२५ मिमी.
ॲल्युमिनियमाचे मिश्रधातू : ०.०३ ते ०.०८ मिमी.

कर्तकाचा व्यास कमी असेल, तर ही मूल्येही साधारण त्याच प्रमाणात कमी करतात.

लाकडात तंतूंच्या दिशेनुसार कापण्याचा प्रतिकार बदलतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलांमुळे महाराष्ट्रात परिचित असलेल्या सागाच्या लाकडात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे साग फारसा कठीण नसूनही धार लवकर बोथट करतो. अशा लाकडासाठी कर्तन वेग मध्यम व भरण भरपूर ठेवणे हितावह असते. एमडीएफमध्ये तंतूंची दिशा नसल्याने तो सर्व बाजूंनी सारखा कापला जातो. परंतु त्यातील कठीण झालेले रेझीन धार घासून काढते. त्याचे पृष्ठभागाजवळचे थर मधल्या भागापेक्षा घट्ट असल्याने धारेची झीजही त्या ठिकाणी जास्त होते. प्लायवुडमध्ये सरसाच्या थरांसमोर धारेवर बारीक खाचा पडतात. मोठ्या उत्पादनासाठी यामुळेच बहुस्फटिकी हिऱ्याची धार असलेले कर्तक वापरतात.

ॲक्रिलिक सु. १०० ते १०५° से. तापमानाच्या आसपास मऊ पडते. त्यात फेरे जास्त झाले, तर ढलपी वितळून कर्तकाला चिकटते व मागची खाच पुन्हा जोडली जाते. साच्यात ओतून केलेले ॲक्रिलिक दाबाने काढलेल्या ॲक्रिलिकापेक्षा स्वच्छ कापले जाते. ॲल्युमिनियमात धातू धारेवर थरासारखा बसण्याचा धोका असतो. म्हणून एका दाताचा, चकचकीत खाचेचा कर्तक, कमी खोली, ढलप्या उडविण्यासाठी हवेचा झोत व वंगणाचा सूक्ष्म फवारा यांचा उपयोग करतात.

कर्तकाची निवड : दात वाढविले, तर तेच दर दाताचे भरण राखण्यासाठी भरण वेग त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. यंत्राला तो झेपत नसेल, तर दात कमी असलेला कर्तक घेणे श्रेयस्कर. कमी दातांच्या कर्तकात ढलपी बाहेर पडण्यास जागाही जास्त मिळते.

ढलपी वर फेकणारा मळसूत्री कर्तक खाच मोकळी ठेवतो, पण वरचा पृष्ठभाग उचकटतो. ढलपी खाली ढकलणारा कर्तक वरची कड स्वच्छ ठेवतो, पण खाचेत भुगा कोंबतो व जास्त तापतो. दोन्ही बाजूंना सनमायका किंवा विनियर लावलेल्या तक्त्यांसाठी या दोन्ही प्रकारच्या मळसूत्रांचा एकत्र उपयोग केलेला कर्तक वापरतात. त्याचा खालचा, वर फेकणारा भाग तक्त्याच्या वरच्या पृष्ठाखाली राहील, इतक्या खोलीवरच तो चालवावा लागतो.

कर्तक कॉलेटबाहेर जितका कमी राहील तितका चांगला. एकाच प्रेरणेने होणारा वाक बाहेर राहिलेल्या लांबीच्या घनाच्या सम प्रमाणात व व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी केल्यास वाक एक अष्टमांश होतो; व्यास ६ मिमी. ऐवजी ३ मिमी. घेतल्यास तो १६ पट होतो. कॉलेटमध्ये भुगा राहिल्याने किंवा ते झिजल्याने कर्तक मध्यापासून किंचित ढळून फिरतो. दोन दातांच्या कर्तकाचा अक्ष दातांच्या दिशेने केवळ ०.०५ मिमी. ढळला असेल व दर दाताचे भरण ०.१ मिमी. असेल, तर एक दात ०.२ मिमी. कापतो व दुसरा जवळजवळ काहीच कापत नाही. म्हणून गणित करण्यापूर्वी कॉलेट साफ करणे आवश्यक असते.

खोली व दिशा : वर दिलेली मूल्ये व्यासाइतक्या खोलीसाठी आहेत असे समजतात. खोली व्यासाच्या दुप्पट घेतल्यास दर दाताचे भरण सु. २५ टक्क्यांनी व तिप्पट घेतल्यास सु. ५० टक्क्यांनी कमी करण्याचा प्रघात आहे. कर्तक सरळ खाली उतरविताना त्याच्या मध्यभागी कर्तन वेग शून्य असतो व ढलपी सहज बाहेर पडत नाही. त्यामुळे उतरण्याचा वेग कमी ठेवतात किंवा कर्तक तिरप्या उताराने पदार्थात नेतात.

दात व कार्यवस्तू एकमेकांविरुद्ध सरकत असतील, तर ढलपी शून्य जाडीपासून सुरू होते व दात प्रथम घासतो. दोहोंची दिशा एक असेल, तर ढलपी जाडीपासून सुरू होऊन पातळ होत जाते. धार कमी घासते व लाकडाचे तंतू कमी उचकटतात. मात्र या पद्धतीत कर्तक स्वतःला पुढे ओढतो. यंत्राच्या स्क्रूत ढिलेपणा असल्यास झटके बसतात, म्हणून अशा यंत्रावर पहिली पद्धत सुरक्षित ठरते.

यंत्राच्या मर्यादा : राउटरच्या स्पिंडलची मोटर वारंवारता बदलून चालविली जाते. दोन ध्रुवांची मोटर ४०० हर्ट्‌झ वारंवारतेला २४,००० फेरे देते. फेरे कमी केले, तर पीळ साधारण तेवढाच राहतो व शक्ती त्याच प्रमाणात घटते. २४,००० फेऱ्यांना २.२ किवॉ. देणारी मोटर ६,००० फेऱ्यांना सु. ०.५५ किवॉ.च देते. हवेने थंड होणाऱ्या व पंखा त्याच अक्षावर असणाऱ्या मोटरीचे शीतनही मंदावते. त्यामुळे फेरे कमी करण्यालाही सीमा असते.

दुसरी मर्यादा प्रवेगाची आहे. आज्ञावलीत लिहिलेला भरण वेग यंत्राला लगेच गाठता येत नाही. प्रवेग ५०० मिमी. प्रतिसेकंद² असलेल्या यंत्राला ६,००० मिमी. प्रतिमिनिट हा वेग गाठण्यास १० मिमी. अंतर व पुन्हा थांबण्यास तेवढेच अंतर लागते. म्हणजे २० मिमी. लांबीच्या रेषेत तो वेग केवळ मध्यावर क्षणभर मिळतो. वेलबुट्टी, जाळी किंवा बारीक अक्षरे कोरताना प्रत्यक्ष भरण आज्ञेपेक्षा बरेच कमी राहते. स्पिंडलचे फेरे मात्र तेवढेच असतात. कोपरे काळे पडण्याचे हे एक प्रमुख कारण होय. अशा कामात लिहिलेल्या वेगावरून नव्हे, तर प्रत्यक्षात मिळणाऱ्या सरासरी वेगावरून फेरे ठरवावे लागतात.

निवडीची रीत : प्रथम पदार्थ व व्यास यांवरून दर दाताचे भरण घ्यावे, नंतर यंत्र न थरथरता जेवढा भरण वेग देऊ शकते तो ठरवावा आणि या दोहोंवरून फेरे काढावेत. उदा., १८ मिमी. जाडीचा एमडीएफ ६ मिमी. व्यासाच्या दोन दाती कर्तकाने, ६ मिमी. खोलीच्या तीन फेऱ्यांत कापावयाचा आहे. दर दाताचे भरण ०.१५ मिमी. व भरण वेग ४,८०० मिमी. घेतल्यास फेरे १६,००० व कर्तन वेग सु. ३०२ मी. प्रतिमिनिट येतो. यंत्राला ३,००० मिमी.च भरण झेपत असेल, तर फेरे १०,००० करावेत. मोटर तेवढी सावकाश चालविता येत नसल्यास एका दाताचा कर्तक घेऊन २०,००० फेरे ठेवावेत. दर दाताचे भरण दोन्ही वेळी ०.१५ मिमी.च राहते.

ॲल्युमिनियमासाठी एका दाताचा ६ मिमी. कर्तक, १८,००० फेरे व ०.०५ मिमी. दर दाताचे भरण घेतल्यास भरण वेग ९०० मिमी. येतो. खोली सु. १ मिमी. ठेवून सुरुवात करतात. येथे कर्तन वेग सु. ३३९ मी. प्रतिमिनिट होतो.

गणिताने मिळालेली मूल्ये टाकाऊ तुकड्यावर पारखून पाहतात. स्पष्ट आकाराच्या ढलप्या, एकसारखा आवाज व काम संपल्यावर हाताला जेमतेम कोमट लागणारा कर्तक ही योग्य निवडीची लक्षणे होत. स्पिंडल पूर्णपणे थांबल्याखेरीज कर्तकाला हात लावू नये. भुकटी, करपल्याचा वास व कर्कश किंकाळीसारखा आवाज आल्यास दर दाताचे भरण कमी आहे असे समजून फेरे घटवावेत किंवा भरण वाढवावे. खडखडाट, लाटा व मोटर मंदावणे ही लक्षणे दिसल्यास खोली कमी करावी. एका वेळी एकच मूल्य बदलल्यास कारण नेमके कळते.

सुरक्षितता : चुकीच्या वेगांचे परिणाम कडेवरच थांबत नाहीत. घासण्याने तापून पेटलेला भुसा धूळ खेचणाऱ्या नळीतून पिशवीत जातो व तेथे धुमसत राहतो. काम संपून कारखाना बंद झाल्यावरही त्यातून आग भडकू शकते. करपल्याचा वास येताच यंत्र थांबवून कर्तक व धुळीची पिशवी दोन्ही तपासणे म्हणूनच आवश्यक असते. चालू यंत्र खाचेत उभे ठेवून केवळ भरण थांबविणे धोक्याचे आहे, कारण कर्तक एकाच जागी घासत राहतो.

पातळ ढलपीबरोबर श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीचे प्रमाणही वाढते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचे वर्गीकरण केले. एमडीएफच्या धुळीत फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिनाचे अंशही असतात. धूळ खेचण्याची व्यवस्था, योग्य मुखपट्टी व डोळ्यांचे संरक्षण यांची गरज त्यामुळे योग्य वेग निवडल्यानंतरही राहते. मोठ्या व्यासाच्या कर्तकांवर महत्तम फेऱ्यांची मर्यादा कोरलेली असते. ती कोणत्याही कारणाने ओलांडू नये. सूत्राने जास्त फेरे आले, तरी ही मर्यादाच अंतिम मानतात.